देव हलतो, देऊळ राहते: धरणांच्या बुडीत क्षेत्रातील वास्तू आणि गावे

धरणासाठी अभियंता जी जागा शोधतो, तिच्या मागच्या खोऱ्यात बहुधा जुनी वस्ती असते. यात योगायोग फारसा नाही. कमी लांबीच्या भिंतीमागे जास्त पाणी साठवायचे तर नदी दोन डोंगरांमध्ये आवळलेली हवी आणि वरच्या अंगाला खोरे ऐसपैस हवे. तेच खोरे गाळाच्या जमिनीचे, बारमाही डोहांचे आणि नदीला उतार देणारे असते. माणूस तिथे अश्मयुगापासून राहत आलेला असतो. दोन नद्या मिळत असतील तर तिथे तीर्थ होते, तीर्थाला घाट येतो, घाटावर देऊळ, देवळाची यात्रा आणि यात्रेमागून पेठ. विसाव्या शतकात भारतातली मोठी धरणे कृष्णा, भीमा, गोदावरी, नर्मदा, सतलज, भागीरथी अशा नद्यांवर झाली. या नद्यांच्या काठी कुठेही पाणी अडवले तरी त्याखाली काही ना काही जुने जाणारच होते. काय गेले, काय उचलून नेले, आणि तो निर्णय कोणी कशाच्या आधारे घेतला, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

‘पाण्याखाली गेले’ या एका शब्दप्रयोगात तीन वेगवेगळ्या अवस्था दडलेल्या असतात. जलाशयाला एक पूर्ण संचय पातळी असते. पावसाळ्याअखेर पाणी तिथपर्यंत चढते. खाली एक मृतसाठ्याची पातळी असते. धरणाच्या दरवाजांतून आणि कालव्यांतून सहसा त्याखालचे पाणी निघत नाही. मृतसाठ्याच्या तळाशी गेलेली वास्तू कायमची पाण्यात राहते. पूर्ण संचय पातळीच्या वर राहिलेली वाचते. फार तर तिच्या पायऱ्यांना पाणी लागते. या दोन पातळ्यांमध्ये सापडलेली वास्तू दरवर्षी बुडते आणि दरवर्षी उघडी पडते. तिची अवस्था सर्वांत वाईट.

दगडाला पाण्याच्या भाराची फारशी बाधा होत नाही, कारण तो भार सर्व बाजूंनी सारखा असतो. बाधा होते ती ओल आणि उन्हाच्या पाळ्यांची. चुन्याच्या दर्जांमधून चुना हळूहळू विरघळून जातो. दगडात शिरलेले क्षार पाणी ओसरल्यावर वाळतात, स्फटिक होऊन फुगतात आणि पृष्ठभागाचे पापुद्रे काढतात. काळ्या मातीत पाया असेल तर ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि दरवर्षीच्या या हालचालीने भिंत पायापासून ढिली होते. पाण्याच्या पातळीवर लाटांचा मारा बसतो. तो एकाच उंचीवर महिनोन्महिने बसला तर विटांचे बांधकाम कंबरेत खाल्ले जाते. उरलेले काम गाळ करतो. आणि पाणी उतरले की माणसे येतात: घडीव दगड उचलणारी, नावे कोरणारी, गुप्तधनाच्या आशेने गर्भगृहाची फरशी उकरणारी.

या पाळ्यांचा परिणाम पहिल्यांदा जगासमोर आला तो इजिप्तमध्ये. आस्वानचे पहिले धरण 1902 मध्ये पुरे झाले आणि फिली बेटावरचे इसिस देवीचे मंदिर दरवर्षी काही महिने पाण्यात उभे राहू लागले. धरणाची उंची पुढे दोनदा वाढवली आणि बुडीचा काळ लांबत गेला. पर्यटक होडीत बसून खांबांच्या माथ्यांमधून फिरत. दगड टिकला, पण त्यावरचे रंग, जे एकोणिसाव्या शतकातल्या प्रवाशांनी ताजे पाहिले होते, ते धुऊन गेले. तरी त्या वेळच्या इंग्रज प्रशासनाने एक गोष्ट केली होती. धरणाची उंची पहिल्यांदा वाढवताना, 1907 ते 1911 या काळात, बुडणार असलेल्या न्युबियाची पुरातत्त्वीय पाहणी करून घेतली. बुडवण्याआधी खोदून, मोजून, लिहून ठेवायचे, ही पद्धत तिथून रुळली.

नाइलवरचे उंच धरण 1960 मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षी 8 मार्चला युनेस्कोने जगाला मदतीचे आवाहन केले. अबू सिंबेलची रामसेसची दोन मंदिरे डोंगरात कोरलेली होती, म्हणजे त्यांना सांधेच नव्हते. 1964 ते 1968 दरम्यान ती करवतीने हजाराहून अधिक तुकड्यांत कापली आणि सुमारे 65 मीटर वर, 200 मीटर मागे, काँक्रीटच्या घुमटावर रचलेल्या कृत्रिम टेकडीत पुन्हा जुळवली. अमादाचे मंदिर त्यावरचे रंगीत उठाव तुटू नयेत म्हणून फ्रेंचांनी अखंडच रुळांवरून अडीच किलोमीटर ओढत नेले. फिली शेवटी 1980 मध्ये शेजारच्या उंच बेटावर उभे राहिले. काही छोटी मंदिरे मदतीच्या बदल्यात देणगी म्हणून गेली. माद्रिदच्या बागेत आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आज ती आहेत. भारतानेही आपले पथक पाठवले होते. ब्रजबासी लाल यांच्या नेतृत्वाखाली त्याने 1962 मध्ये आफ्ये येथे उत्खनन केले. 1972 च्या जागतिक वारसा कराराची पार्श्वभूमी ही मोहीम आहे.

या मोहिमेची स्तुती करताना एक बाजू मागे पडते. बुहेनचा चार हजार वर्षांपूर्वीचा प्रचंड किल्ला कच्च्या विटांचा होता. कच्ची वीट कापता येत नाही, उचलता येत नाही. खोदून, नकाशे काढून तो पाण्याला सोडून दिला. इजिप्त आणि सुदान मिळून सुमारे एक लाख न्युबियन माणसे उठवली गेली. सुदानमधली वाडी हाल्फाची माणसे नाइलपासून शेकडो किलोमीटर दूर, खश्म अल् गिरबा येथे बसवली. देवळे नदीकाठीच राहिली आणि त्या काठाची माणसे नदीपासून तुटली. पुढे भारतातही हेच गणित वेगवेगळ्या रूपांत दिसते.

भारतात या प्रकारचे सर्वांत मोठे काम युनेस्कोच्या या मोहिमेच्याही आधी सुरू झाले होते. कृष्णेच्या उजव्या काठी, आजच्या आंध्र प्रदेशात, तीन बाजूंनी नल्लमलाच्या डोंगररांगा आणि चौथ्या बाजूला नदी असे एक बंदिस्त खोरे होते. सातवाहनांची सत्ता मोडल्यावर तिसऱ्या-चौथ्या शतकात इक्ष्वाकू राजांची राजधानी विजयपुरी इथे होती. खोऱ्यातल्या टेकडीचे नाव नागार्जुनकोंडा. 1926 मध्ये हे स्थळ अभ्यासकांच्या नजरेस आले; त्यानंतर लाँगहर्स्ट यांनी आणि पुढे टी. एन. रामचंद्रन यांनी तिथे उत्खनन केले. स्तूप, विहार, हिरवट चुनखडकातले शिल्पपट आणि महाचैत्यातला धातुकरंडक, हे सगळे धरणाचा निर्णय होण्याआधी उजेडात आले होते. नागार्जुनसागरची पायाभरणी 10 डिसेंबर 1955 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाली. खोरे किती महत्त्वाचे आहे हे त्या वेळी सरकारला आधीपासून माहीत होते. या प्रकरणातली सगळ्यात निर्णायक गोष्ट तीच.

1954 पासून 1960 पर्यंत आर. सुब्रह्मण्यम यांच्या देखरेखीखाली पुरातत्त्व सर्वेक्षणाने हे खोरे पिंजून काढले. एखाद्या टेकाडावर खड्डा घेऊन थांबण्याची सोय नव्हती. पाणी आले की सगळेच जाणार होते, म्हणून पूर्ण खोऱ्याचेच उत्खनन करणे भाग पडले. अश्मयुगीन हत्यारांपासून महापाषाणीय दफनांपर्यंत आणि राजवाड्याच्या तटापासून मध्ययुगीन किल्ल्यापर्यंत सलग मानवी वस्तीचा पट एका खोऱ्यात दिसला. नदीकाठी दगडी पायऱ्यांचा स्नानघाट मिळाला. चारही बाजूंना चढत्या बैठकी असलेले आयताकार प्रेक्षागार मिळाले. प्राचीन भारतात असे काही बांधले जात होते हे तोवर कुणी गृहीत धरले नव्हते. शिलालेखांतून राजघराण्यातल्या स्त्रियांची दाने दिसली. महाचैत्याची दात्री चांतिसिरी ही राजा चांतमूलाची बहीण. सिंहलद्वीपाच्या भिक्षूंसाठी बांधलेल्या विहाराचा उल्लेख मिळाला. महाराष्ट्राच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा लेख आभीर राजा वसुषेणाच्या काळातला आहे. अष्टभुजस्वामी विष्णूच्या मूर्तीच्या स्थापनेची नोंद त्यात आहे. याच आभीर कुळातल्या ईश्वरसेनाचा लेख नाशिकच्या लेण्यांत आहे. नाशिकपासून इतक्या दूर, कृष्णेच्या त्या खोऱ्यात आभीरांचा लेख मिळाल्याने तिसऱ्या शतकाच्या दख्खनच्या राजकारणाचा नकाशा थोडा बदलावा लागला.

मग स्थलांतर. देऊळ किंवा स्तूप हलवण्याची रीत सांगायला सोपी, करायला जिकिरीची. आधी प्रत्येक दर्शनी बाजूचे मोजमाप करून रेखाचित्र काढतात. मग प्रत्येक दगडावर रंगाने खूण करतात: कोणती बाजू, खालून कितवा थर, थरात डावीकडून कितवा दगड. परांची बांधून वरून खाली एकेक थर उतरवतात आणि नव्या जागेजवळच्या मैदानात त्याच क्रमाने जमिनीवर मांडून ठेवतात, म्हणजे एखादा हरवला तर ताबडतोब कळतो. भिंतीचे बाहेरचे आणि आतले अस्तर घडीव असले तरी मधली भर डबर-मातीची असते. ती हलवता येत नाही. नव्या जागी ती नव्याने भरावी लागते. पाया तर नवाच असतो. म्हणजे स्थलांतरित वास्तू ही तिच्या कातडीपुरतीच जुनी असते, आणि हे तिच्या फलकावर सहसा लिहिलेले नसते.

नागार्जुनकोंड्याला हे जास्तच लागू आहे, कारण तिथल्या बहुतेक वास्तू मातीतून काढलेले पाये आणि जोती होती. त्यातल्या निवडक वास्तू टेकडीच्या माथ्यावर पुन्हा रचल्या, स्नानघाटासह. काहींच्या छोट्या प्रतिकृती केल्या. प्रेक्षागार आणि एक विहारसमूह खोऱ्याच्या कडेला अनुपु येथे उभारला. शिल्पे आणि शिलालेख टेकडीवरच्या संग्रहालयात गेले. आज टेकडीचे बेट झाले आहे आणि होडीने तिथे जावे लागते. स्नानघाट माथ्यावर आहे, नदी कितीतरी खाली. ज्या थरांमुळे एका वास्तूचा दुसरीशी काळाचा संबंध लावता आला, ते थर कृष्णेच्या पाण्याखाली आहेत. त्यांचे जे काही उरले ते उत्खननाच्या अहवालांत. तरीही भारतातल्या कोणत्याही बुडीत खोऱ्यासाठी एवढे काम झालेले नाही, हे मान्य करायलाच हवे.

त्याच कृष्णेवर वरच्या बाजूला 1980 च्या दशकाच्या आरंभी श्रीशैलम धरण पुरे झाले. तिथे उत्खननापेक्षा प्रश्न उभ्या देवळांचा होता. कृष्णा-तुंगभद्रा संगमावरच्या कूडवेल्लीचे चालुक्यकालीन संगमेश्वर देऊळ आणि पापनाशी समूहातली देवळे अशीच दगड-दगड उतरवून अलंपूरला नेली. अलंपूरची नवब्रह्म देवळे जागेवरच ठेवून फुगवट्याच्या पाण्यापासून बांध घालून राखली. याच जलाशयात दुसरे एक संगमेश्वर आहे, तेव्हाच्या कर्नूल जिल्ह्यात. ते कुणी हलवले नाही. त्यातले लिंग लाकडाचे आहे आणि ते धर्मराजाने स्थापले अशी श्रद्धा. वर्षातले बरेच महिने फक्त शिखराचा माथा पाण्यावर असतो. पाणी उतरले की गाभाऱ्यातला गाळ काढतात, पूजा सुरू होते, भाविकांची रीघ लागते. अलंपूरचे संगमेश्वर कोरड्या जागेवर नीट उभे आहे आणि तिथे अभ्यासक जातात. दोन्ही देवळांना वाचलेली म्हणता येईल. मात्र काय वाचले याचे उत्तर दोन ठिकाणी निराळे आहे.

हा फरक महाराष्ट्रात आणखी स्पष्ट दिसतो. भीमेवरचे उजनी धरण 1966 मध्ये सुरू होऊन 1980 मध्ये पुरे झाले. एकूण साठा 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला जवळपास 64 टीएमसी मृतसाठा, निम्म्याहून अधिक. हे प्रमाण असाधारण आहे. सोलापूर आणि पंढरपूरची तहान भागवायला उन्हाळ्यात मृतसाठ्यातूनही नदीत पाणी सोडावे लागते, आणि मग ‘उजनी वजा झाली’ अशी बातमी येते. शून्य टक्क्याखाली जाणारे धरण ही कल्पना बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटते. सोलापूर जिल्ह्यात पेपर वाचणाऱ्याला तिचे काहीच वाटत नाही.

धरण बरेच वजा झाले की इंदापूर तालुक्यातले जुने पळसदेव पाण्याबाहेर येते. एरवी पळसनाथाच्या देवळाचे शिखर तेवढे पाण्यावर दिसते आणि भिगवणकडून रोहित पाहायला येणारे नावाड्याला ते कोणते म्हणून विचारतात. 2024 च्या उन्हाळ्यात साठा उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेला, तेव्हा कोरड्या पायांनी देवळात जाता आले. खालचा भाग घडीव दगडाचा; कोरीव खांबांचा मंडप, गर्भगृह. वर भूमिज धाटणीचे, वीट आणि चुन्याचे शिखर. आधी सांगितलेला नियम इथे डोळ्यांनी पडताळता येतो. दगडी भाग चुन्याशिवाय, खाच-खुंटीने आणि वजनाने धरलेला असल्याने चार दशकांच्या बुडीनंतरही उभा आहे. शिखराचा गिलावा गेला आहे, विटा निखळत आहेत. आवारात वीरगळ आहेत. काही पडलेले, काही गाळात अर्धे रुतलेले. थोडे पलीकडे, करमाळा तालुक्यात, कुगावच्या इनामदार वाड्याचे बुरूज असेच उघडे पडतात. देवळाकडे लोक जातात, वाड्याकडे फारसे कुणी जात नाही.

पळसदेवचे देऊळ हलवले गेले नाही. देव हलवला गेला. पुणे-सोलापूर रस्त्याजवळ वसलेल्या नव्या गावठाणात नवे देऊळ झाले आणि पळसनाथ तिथे आला. गावाच्या दृष्टीने देव वाचवण्याचे काम तेवढ्यावर पुरे झाले. मागे राहिला तो दगड. यात अनास्था शोधणे अन्यायाचे होईल. प्राणप्रतिष्ठा आणि उत्थापन या संकल्पना ज्या परंपरेत आहेत, तिच्यात देवत्व मूर्तीबरोबर प्रवास करते. परचक्र आले की देव हलवायचे आणि पुढे नव्या जागी बसवायचे, हे महाराष्ट्राने आणि गोव्याने शतकानुशतके केले आहे. पोर्तुगीजांच्या काळात साष्टी-बारदेशातले कितीतरी देव रातोरात फोंड्याकडे गेले. देवळे पडली, देव राहिले. धरणग्रस्त गावांनी तीच रीत पाळली. पुरातत्त्व खाते याच्या बरोबर उलट वागते. त्याच्या लेखी वास्तू हाच वारसा. आत पूजा चालते की नाही हा गौण मुद्दा.

दोन्ही रीती एकाच गावात पाहायच्या तर गोव्यातले कुर्डी पाहावे. सांगे तालुक्यातल्या साळावली धरणासाठी 1980 च्या दशकात हे गाव उठले; सुमारे तीन हजार माणसे वाडे आणि वालकिणी येथे गेली. गानतपस्विनी मोगुबाई कुर्डीकर यांच्या आडनावातले कुर्डी ते हेच. गावात महादेवाचे प्राचीन देऊळ होते आणि ते केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत होते. यादीत होते म्हणून पुरातत्त्व सर्वेक्षणाने दगडांना क्रमांक घालून ते उतरवले आणि धरणाजवळ उंच जागी पुन्हा उभारले. जांभ्यात कोरलेली भव्य मातृदेवतेची आकृती वेर्ण्याला, जुन्या म्हाळसेच्या जागी नेली. गावातले सोमेश्वराचे देऊळ कोणत्याही यादीत बसण्याइतके जुने किंवा कोरीव नव्हते. ते बुडाले. पण उन्हाळ्यात पाणी आटले की कुर्डीचे लोक मे महिन्यात उत्सवासाठी जमतात ते त्या सोमेश्वरापाशी, आणि ख्रिस्ती घरांतले लोक आपल्या कपेलच्या जागी. घरांची जोती, विहिरींचे काठ, बुंधे उरलेले माड यांतून प्रत्येक जण आपले घर दाखवतो. सौम्यानंद साही यांचा ‘रिमेम्बरिंग कुर्डी’ हा माहितीपट याच गावावर आहे. सरकारने वाचवलेल्या देवळात आणि लोकांनी न सोडलेल्या देवळात कोणते अधिक कुर्डीचे, याचा निवाडा अवघड आहे. निवाडा दुसऱ्याच्या बाजूने झुकतो असे म्हणायला मात्र पुरेसा आधार आहे.

नर्मदेवर शूलपाणेश्वराचे असेच झाले. मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातले गाव सरदार सरोवराच्या बुडीत महाराष्ट्राचे पहिले गाव ठरले, आणि नर्मदा परिक्रमेतले हे महत्त्वाचे देवस्थान तिथेच, नदीकाठी होते. जुने देऊळ 1990 च्या दशकात पाण्यात गेले. गुजरातेत गोरा येथे नवे बांधले. परिक्रमावासी आता तिथे थांबतात. मराठीत परिक्रमेची जी वर्णने निघतात त्यांत जुन्या आणि नव्या मार्गांचा घोळ होतो तो यामुळे.

इथवर देवळांबद्दल बोलणे झाले, कारण बुडीत वारशाची चर्चा देवळांभोवतीच फिरते. तिच्यातून निसटते ते गाव, आणि त्याहून अधिक म्हणजे शहर. देवाला मूर्ती असते, ती नेता येते. स्मारकाला यादी असते. बाजारपेठेला दोन्ही नाही. मध्य प्रदेशातले हरसूद हे इंदिरासागर धरणात गेलेले तालुक्याचे जुने गाव. खंडवा-इटारसी लोहमार्गावरचे स्टेशन, धान्याची पेठ, शाळा, दवाखाने, मशिदी, देवळे, अनेक पिढ्यांची घरे. 28 सप्टेंबर 1989 रोजी देशभरच्या धरणविरोधी संघटनांचा मोठा मेळावा इथेच झाला होता. बाबा आमटे त्यात होते. पंधरा वर्षांनी, 30 जून 2004 ही गाव रिकामे करण्याची मुदत ठरली. लोकांनी आपली घरे आपल्याच हातांनी पाडली. दारे, चौकटी, पत्रे, वासे, शक्य तेवढ्या विटा ट्रॉल्यांत भरून छनेरा येथल्या उघड्या माळावर नेल्या. म्हणजे हरसूदचेही एक प्रकारे स्थलांतर झाले, फक्त दगडांवर क्रमांक नव्हते. कुणाच्या दुकानाशेजारी कुणाचे दुकान, कोणत्या वेळी कोणत्या चौकात भाजी बसते, उधारीवर माल कोण देतो, ही मांडणी मोडली, आणि कुठल्याही आराखड्यात ती मांडता आली नाही.

टिहरीची गोष्ट थोडी वेगळी. गढवाल संस्थानची ही राजधानी 1815 मध्ये भागीरथी आणि भिलंगना यांच्या संगमावर वसली. 2005 च्या अखेरीस धरणाचा शेवटचा बोगदा बंद झाल्यावर ती बुडाली. 1897 चे घंटाघर सर्वांत शेवटी दिसेनासे झाले. डोंगरमाथ्यावर वसवलेल्या नव्या टिहरीत त्या घंटाघराची प्रतिकृती आहे. हिमाचलातल्या जुन्या बिलासपूरचे तेच झाले, अर्धशतक आधी, भाक्राच्या गोविंदसागरात. तिथली शिखरयुक्त देवळे हिवाळ्यानंतर पाणी उतरले की गाळात रुतलेली दिसतात. राजधानी होती म्हणून या दोन शहरांची छायाचित्रे, दफ्तरे, आठवणींची पुस्तके तरी आहेत. बुडालेल्या शेकडो खेड्यांचे तेवढेही नाही.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळांचा 1958 चा कायदा आणि महाराष्ट्राचा 1960 चा कायदा, दोन्ही मुख्यतः घोषित स्मारकांना संरक्षण देतात. कुर्डीचा महादेव त्या दारातून आत गेला. पळसनाथासारख्या देवळांना ते दार उघडले नाही, आणि महाराष्ट्रातली बहुसंख्य जुनी देवळे, बारवा, वाडे, वीरगळ अशाच बिनघोषित अवस्थेत आहेत. दुसऱ्या बाजूने पुनर्वसनाचा कायदा येतो. 2013 च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत नव्या वसाहतीत द्यायच्या सोयी मोजल्या आहेत. त्यांत दर पन्नास कुटुंबांमागे प्रार्थनास्थळ आणि पार यांची तरतूद आहे. पार मोजला हे चांगलेच. पाराशिवाय गाव बसत नाही हे कुणाच्या तरी ध्यानात आले. पण इथे देऊळ म्हणजे नळ, रस्ता, शाळा यांच्या रांगेतली एक सोय. जुने देऊळ बाराव्या शतकातले असो की मागल्या वर्षीचे, बदल्यात काँक्रीटची एक खोली मिळाली की हिशेब मिटतो. एक कायदा वास्तू पाहतो, दुसरा वापर पाहतो. बिनयादीची जुनी वास्तू आणि जुनी पेठ या दोहोंच्या मधल्या फटीतून खाली जातात.

ही फट बुजवण्याची वेळ धरणाच्या कामात एकदाच येते, आणि ती अगदी सुरुवातीला. पाणी किती चढेल हे ठरवण्यासाठी समपातळी रेषांची मोजणी होते, बुडीत रेषेवर दगड रोवले जातात, आणि त्या रेषेआतली घरे, झाडे, विहिरी यांचे मूल्यांकन होते. तलाठी आणि मोजणीदार तेव्हा गावातल्या प्रत्येक उंबऱ्यापर्यंत जातात. त्यांच्या तक्त्यात घराचे क्षेत्रफळ, भिंतीचा प्रकार, छपराचा प्रकार असतो. वास्तूचे वय, कोरीव काम, शिलालेख, वीरगळ यांना रकाना नसतो. तो असता तर उजनीच्या फुगवट्यात नेमके काय गेले हे आज एका सरकारी दफ्तरात मिळाले असते. नागार्जुनकोंडा वाचला तो खोऱ्याची नोंद धरणाच्या निर्णयाआधी तीस वर्षे झाली होती म्हणून. निर्णयानंतर सुरू झालेली पाहणी घळभरणीच्या, म्हणजे नदीचे पात्र बंद करण्याच्या, तारखेशी शर्यत लावते आणि बहुधा हरते.

जे आधीच पाण्यात गेले आहे, त्याचेही काम अजून करण्याजोगे आहे. भाटघरच्या जलाशयातले कांबरेश्वर, पवनेतले वाघेश्वर ही देवळे जवळजवळ दरवर्षी उघडी पडतात. पळसदेव आणि कुगावसाठी धरण बरेच वजा व्हावे लागते. साठ्याची टक्केवारी रोज जाहीर होते, तेव्हा कोणत्या पातळीला कोणती वास्तू बाहेर येते याचे कोष्टक करणे अवघड नाही. उघडी पडल्यावर हाती एप्रिलपासून जूनअखेरपर्यंतचे काही आठवडे असतात. मोजमाप, सर्व बाजूंची छायाचित्रे, ड्रोनने घेतलेला गावाचा आराखडा, शिलालेखांचे ठसे, सुटे वीरगळ उचलून नव्या गावठाणाच्या पाराशेजारी नेणे, एवढे त्या मुदतीत होते. सगळ्यात आधी मात्र जुन्या गावात वाढलेल्या माणसांना सोबत घेऊन गल्ल्या, घरे आणि पाणवठे यांची नावे नकाशावर भरायला हवीत. उजनीच्या बुडीत गावांतून सज्ञान वयात उठलेली माणसे आता पासष्टीच्या पुढे आहेत.